शेणकिड्याचं रिकामं घर

गुरं आणि किडे एकमेकांची विचारपूस करत, तेव्हाची ही गोष्ट. माळावर चांदी नावाची गाय चरायची. तिने शेण टाकलं की शेणकिडा त्याच्या गोळ्या करून जमिनीत पुरायचा. त्यात त्याची पिल्लं वाढायची आणि वर दाट गवत यायचं.

एकदा शेजारच्या गाईला जंत झाले. चांदीचा मालक केरबा घाबरला. "आपल्याला धोका नको," म्हणून तो धडधाकट चांदीलाही दर अमावास्येला जंताचं औषध पाजू लागला.

एके सकाळी शेणकिडा धडपडत तिच्या खुरापाशी आला. "चांदीबाई, आज औषध घेतलंस का गं?"

"घेतलं की. का रे?"

"तुझं औषध सुरू झाल्यापासून तुझ्या शेणात शिरलेली माझी पोरं बाहेरच येईनात. आता शिरायची भीती वाटते, आणि न शिरावं तर उपाशी मरतो."

"तुझं काहीतरीच! मला बघ, पोटात एक जंत उरला नाही."

"खरंय बाई. माझ्याही घरात कुणी उरलं नाही."

त्यानंतर तो दिसला नाही. शेण जागच्या जागी वाळू लागलं. शेणालगतच्या गवताला गाय तोंड लावत नाही, म्हणून चांदी रोज थोडी पुढे सरकायची. सरकता सरकता ती कुंपणाला टेकली. मागे वळून पाहिलं, तर माळभर तिचंच वाळलेलं शेण. तिने शेणकिड्याला हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

संध्याकाळी केरबाने तिची कास चाचपली. "दूध आटलं गं. हिलाही जंत झाले वाटतं," तो काळजीने म्हणाला, आणि त्याने बाटली उघडली.