वेशीवरचं उलटं ब्रीद

"मग दोष कुणाच्या नावावर घालू, आबा?"

त्र्यंबकशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. सटवाजी कुंभार चाकावरून मान वर करायला तयार नव्हते.

शास्त्री म्हणजे काजळगड संस्थानचे राजपंडित. एरवी कुणाच्या अंगणात जमिनीवर बसायचे नाहीत. पण आई लवकर गेली, म्हणून लहानपणी ते याच अंगणात वाढले होते. पहिलं अक्षरही इथल्याच ओल्या मातीत बोटानं काढलेलं. त्यामुळे अडलं की पाय इकडे वळायचे. अडलं की हं! सणासुदीला कधी नाही.

"काय झालं ते नीट सांग," आबा म्हणाले.

झालं होतं ते असं. महाराजांनी संस्थानासाठी ब्रीदवाक्य मागितलं. शास्त्र्यांनी सहा महिने डोकं खाजवून ते दिलं: 'राज्य रयतेचे, राजा राखणदार.' ते वेशीच्या कमानीवर कोरायचं ठरलं. पाथरवटांची अक्षरं ओबडधोबड येतात, म्हणून शास्त्र्यांनी हट्टानं म्हाताऱ्या यमाजीला बोलावलं.

यमाजी चाळीस वर्षं दरबारचे शिक्के कोरत आलेला. शिक्क्याचं काम असं, की लिहिलेला कागद पालथा चिकटवायचा आणि अक्षरं उलटी कोरायची. म्हणजे उमटताना ती सुलटी येतात. बिचाऱ्यानं कमानीच्या दगडावरही सवयीनं कागद पालथाच चिकटवला. ऊन लागू नये म्हणून पुढे बांबूच्या तट्ट्या बांधलेल्या, त्यामुळे खालून कुणाला काही दिसलं नाही. आणि शिडी चढणं पंडितांना शोभत नाही, म्हणून शास्त्रीही एकदा वर गेले नाहीत.

आज सकाळी तट्ट्या निघाल्या...

"अख्खं ब्रीद उलटं, आबा! एक अक्षर सरळ नाही. वर घाईघाईनं पडदा टाकलाय. उद्या सकाळी महाराज तो सारणार."

"यमाजी कुठंय?"

"घरी. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून बसलाय. छिन्न्या विहिरीत टाकून दिल्या म्हणे. पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही."

"आणि तू?"

"मी... जेवून आलो."

आबांनी नुसतं "बरं" म्हटलं.

"त्याचं नाव सांगितलं, तर महाराज त्याला म्हातारीसकट संस्थानाबाहेर काढतील. माझं सांगितलं, तर माझी पंडिती गेली. आता तुम्हीच सांगा."

"त्या ब्रीदाचा अर्थ काय रे?"

शास्त्री ताठ झाले. असं कुणी विचारलं की त्यांना फार बरं वाटायचं.

"अर्थ तीन निघतात. मी टीकाच लिहिलीय. चाळीस पानांची."

"चाळीस! मग राखणदार म्हणजे कोण, तेही असेल त्यात."

"आहे तर. सत्ताविसाव्या पानावर."

...

चाक फिरत राहिलं.

"अंगठी दे," आबा म्हणाले.

शास्त्र्यांच्या बोटात राजपंडिताच्या शिक्क्याची अंगठी होती. त्यांनी ती काढून दिली.

आबांनी चाकावरच्या ओल्या गोळ्यावर अंगठी दाबली. अक्षरं सुलटी आणि स्वच्छ उमटली.

शास्त्र्यांचे डोळे चमकले. "असं होय! म्हणजे महाराजांना सांगायचं, ही कमान म्हणजे शिक्काच आहे, मुद्दाम उलटं कोरून घेतलंय! वा, आबा! कुणाचंच नाव घ्यायला नको!"

"खोटं बोलायचं शिकायला माझ्याकडं कशाला आलास? त्यात तुझा तूच पंडित आहेस."



आबांनी शेजारचं भाजलेलं मडकं ओढलं. त्याच्यावर तीच अंगठी दाबली. अंगाचा सगळा भार घालून दाबली.

काहीच उमटलं नाही.

"शिक्का तोच," आबा म्हणाले. "हातही तोच."

शास्त्री मडक्याकडे बघत होते, मग गोळ्याकडे, मग पुन्हा मडक्याकडे...

"यांतलं तू कोणतं रे, त्रिंबका?"

शास्त्री उठले. अंगठी घ्यायलाही विसरले. तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते जवळजवळ पळतच. उपरणं एका खांद्यावरून लोंबत होतं. आल्या आल्या त्यांनी अंगणात मातीतच बैठक मारली.

"सुटलो, आबा! सुटलो!"

"हळू. घडे वाळतायत."

"पडदा सरला आणि लोक खदाखदा हसायला लागले. महाराजांचा चेहरा लाल. पण म्हटलं, महाराज, कारागीर मी निवडला, शिडी चढायची लाज वाटली म्हणून बघायला मी गेलो नाही. चूक माझी आहे. म्हाताऱ्याला काही करू नका."

"मग?"

"महाराज वर बघत राहिले... मग स्वतःच्या बोटातल्या शिक्क्याकडं बघितलं, आणि पुन्हा वर. म्हणाले, राहू द्या असंच, शिक्का उलटाच असतो. आणि पागोटं काढून कमानीखालून चालत गेले. मग कुणी हसलं नाही, आबा."

"पंडिती?"

"आहे! पण शिक्षा झाली. वर्षभर दरबारच्या प्रत्येक बांधकामावर मी स्वतः शिडी चढायची." शास्त्री हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होते. काल या माणसाच्या तोंडावरची माशी उडत नव्हती.

आबांनी कोनाड्यातून अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"एक विचारू, आबा? लोकांना ते ब्रीद वाचता येणार नाही. खाली एक पाटी लावू का? सुलट अक्षरांत, अर्थासकट?"

आबांनी नवा गोळा चाकावर थापला.

"यमाजी जेवला का?"

"जेवला की! मी तिथूनच येतोय. त्याच्या शेजारीच पाटावर बसलो होतो. आमटी दोनदा मागून घेतली त्यानं."

"मग उमटलं की रे."