उजव्या काठावरची शांतता

नदीच्या मधोमध एका बेटावर एक हरिणी आपल्या पाडसासह राहत होती. बेटावरचे गवत वाळून गेले, तेव्हा तिला कुठल्या तरी काठावर जाणे भाग पडले. दोन्ही काठांवर दाट राने होती आणि दोन्हींत बिबटे होते. पाडस तर अजून तिच्या पायांतच घुटमळत असे. म्हणून तिने दोन्हीकडे उडणाऱ्या कावळ्याला विचारले, "कावळेदादा, याला घेऊन कुठल्या रानात जाऊ?"

"त्यात विचारायचं काय? कानात गवत भरलंय का तुझ्या?" कावळा म्हणाला. "डाव्या काठावर वानरांची नुसती बोंबाबोंब. काल एका दिवसात सात वेळा 'बिबट्या, बिबट्या' म्हणून ओरडली. उजव्या काठावर पंधरा दिवसांत एक हाक नाही. मी मोजलंय!"

मुलांनो, वानराचा इशारा तुम्ही ऐकला आहे का? तो कोरड्या खोकल्यासारखा असतो. खॅक, खॅक! तो ऐकला की सारे रान सावध होते.

हरिणी उजव्या काठावर गेली. गवत गुडघाभर उंच होते. झाडांवर वानरेही होती, पण एकही खाली बघत नव्हते. सगळे शांत पाहून हरिणीने कित्येक दिवसांनी कान सैल सोडले. तेवढ्यात बिबट्याने झेप घेतली. पाडस निसटले, पण त्याच्या मागच्या पायावर पंजा बसलाच. मायलेकरांनी नदीत उडी घेतली.

पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक म्हातारा वानर बसला होता. हरिणी कळवळून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला वरून दिसला नाही का हो?"

"दिसला ना, बाई," तो हळूच म्हणाला. "पण इथे जो ओरडतो, त्याच्या झाडावर बिबट्या चढतो, आणि बाकीचे गप्प बसतात. माझे दोन भाऊ ओरडले होते."

दोघे पोहत डाव्या काठाला लागली, तोच हाक उठली. खॅक, खॅक! एका झाडावरून, मग दुसऱ्या, मग सगळ्याच झाडांवरून. झुडपात दबा धरलेला बिबट्या उठला आणि मुकाट्याने निघून गेला.

पाडस तिला बिलगून म्हणाले, "आई, इथे तर खूपच भीती आहे गं."

हरिणी त्याची जखम चाटत म्हणाली, "भीती तिकडेही होती, बाळा. इथे ती बोलून दाखवतात."

तात्पर्य : परक्या मुलखात जाताना तिथे किती ओरड होते एवढेच मोजू नये, ओरडणाऱ्याला साथ कोण देते, तेही पाहावे.