ठासून भरलेली भिंत

एकदा एका ओस पडलेल्या बंदरात एक वृद्ध मिस्त्री एकटाच राहत असे. तिथले कारखाने बंद होऊन वीस वर्षे लोटली होती. माणसे गेली, क्रेन गंजल्या, भोंगा मुका झाला. तरी हा गृहस्थ पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसे. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक! धक्क्याला लागलेले समुद्राचे शेवाळ तो गोळा करी. पावसाळाभर अंगणात भिजू देई, म्हणजे त्यातले मीठ निघून जाई. मग ते खडखडीत वाळवून दुहेरी फळ्यांच्या पोकळीत भरी. अशा भिंतींची त्याची खोली भर वैशाखातही गार राही.

हे काम शिकायला विश्राम नावाचा तरुण त्याच्याकडे आला. विश्रामची खोली पत्र्याची. उन्हाळ्यात तान्ह्या मुलीचे अंग घामोळ्यांनी भरले, तेव्हा बायको तिला घेऊन माहेरी गेली ती परतलीच नाही. विश्राम दिवसातून चारदा फोन करी आणि एकच विचारी, "कधी येतेस?" हल्ली ती फोन उचलेनाशी झाली होती.

वर्षभर राबून विश्रामने मिस्त्रीच्या शेजारी नवी खोली उभी केली. भिंतींत शेवाळ भरले ते दांडक्याने ठासून. "मिस्त्रीबाबा, मुंगी शिरायला जागा ठेवली नाही!" तो अभिमानाने म्हणाला. दुपार झाली आणि खोली तापली. बिचारा कपाळाला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी वृद्धाने मुकाट्याने फळ्या उचकटल्या आणि निम्मेअधिक शेवाळ बाहेर ओढून काढले.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" विश्राम ओरडला. "वर्षाची मेहनत आहे माझी! बायकोला परत आणायचंय मला!"

"अरे, ऊन शेवाळ अडवत नाही," वृद्ध शांतपणे म्हणाला. "अडवते ती त्याच्या धाग्यांत राहिलेली हवा. तू ठासून ठासून तीच घालवलीस." हातातले शेवाळ खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "माझा मुलगा बोटीवर लागला होता. प्रत्येक बंदरात माझा निरोप त्याच्या आधी पोचायचा. कधी येतोस, कधी येतोस. पोराला स्वतःहून काही बोलायला जागाच ठेवली नाही मी. त्याची काही खबर नाही, त्याला आता बारा वर्षं झाली. निरोप धाडायचा तर कुठे, तेही ठाऊक नाही."

उरलेले शेवाळ विश्रामने हातांनी मोकळे केले, फळ्या पुन्हा ठोकल्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी खोली गार होती. त्याने बायकोला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"पोरीची घामोळी गेली का गं?" त्याने विचारले आणि तो गप्प राहिला. ते गप्प राहणे त्याला फार जड गेले.

"गेली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चालायला लागलीय आता. खोली झाली का?"

"झाली. गार आहे." पुढचा प्रश्न ओठांवर आला होता, तो त्याने गिळला.

तो बाहेर आला तेव्हा वृद्ध काढलेले शेवाळ पोत्यात भरून पलीकडच्या रिकाम्या खोलीकडे ओढत नेत होता.

"ती खोली कुणासाठी, मिस्त्रीबाबा?"

"असू दे," वृद्ध म्हणाला. "कुणी आलंच तर."

विश्रामने पोत्याचे दुसरे टोक धरले.