घनपाठ्याची गोळी

"पण गुरुजी, ही गोळी घेतली तर विस्मरण होत नाही, हे खरं का?"

दुपारची पंगत नुकतीच उठली होती. विश्वंभरगुरुजी झोपाळ्यावर टेकले होते, समोर त्यांचे शिष्य नीळकंठशास्त्री.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, संशोधन चाललंय. उदासीवरच्या काही गोळ्यांनी म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश टळेल, अशी आशा आहे. खात्री कुणी देत नाही."

"मग तुला दिली कशासाठी?"

नीळकंठशास्त्री घुटमळले.

"उदास असतो म्हणून..."

"मग त्यासाठी घे की!"

"त्यासाठी? छे!"

शास्त्रीबोवा ताठ झाले. पन्नाशीचा हा गृहस्थ म्हणजे कृष्णाकाठच्या त्या पाठशाळेचा नावाजलेला घनपाठी. वेदातली पदं पुढून, मागून, उलटसुलट गुंफून म्हणायची, पोथी न उघडता, आणि चूक म्हणून नाही! अशा माणसाने मन लागत नाही म्हणून गोळी घ्यायची? लोक काय म्हणतील!

"दुःख सोसेन मी. पण माझे वडीलही घनपाठी. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, 'आपण कोण?' माझं पाठांतर गेलं तर... मी उरतो कुठे, गुरुजी?"

घाबरला होता बिचारा, अगदी आतून.

गुरुजी म्हणाले, "एक ऋचा म्हण. घन."

शास्त्रीबोवांनी हात पुढे धरला आणि सुरुवात केली. स्वर हलला नाही, मात्रा ढळली नाही. संपल्यावर त्यांनी शाबासकीसाठी वर पाहिलं.

"वा! खणखणीत. आता एवढं सांग, आज पंगतीत तुझ्या उजव्या हाताला कोण बसलं होतं?"

शास्त्रीबोवांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. माणूस आठवेना, पानातली भाजीही आठवेना.

"आजचंच विसरलो? सुरू झालं का मला, गुरुजी?"

"अरे, बघितलंच नाहीस, तर विसरशील काय?"

"कोण होतं?"

"मी."

गुरुजींनी पायाने झोपाळ्याला हलका झोका दिला.

"तीन दिवस माझा पाट सोडून तुझ्याशेजारी बसतोय. वाढप्याला सांगून तुला तूपसुद्धा जास्त वाढायला लावलं."

शास्त्रीबोवांना हुंदका आला, आणि त्यातच हसूही आलं. कितीतरी महिन्यांनी हसले ते. उपरण्याच्या गाठीतून त्यांनी गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मांडीवर ठेवलं.

गुरुजींनी आपला बटवा उघडला. त्यातून तसलीच एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि ताकाचं भांडं ओठाला लावलं.

"तुम्हीसुद्धा?"

"आमची ही, तुझी काकू, गेली त्या वर्षापासून. डॉक्टर देतात, मी घेतो."

"विसर पडू नये म्हणून ना?"

गुरुजींनी भांडं रिकामं केलं आणि समाधानाने ओठ पुसले.

"छे रे. ताक गोड लागावं म्हणून."