कौसल्याचा बँकॉकचा फोटो

एका गावात एक भोळा पेढेवाला राहत होता. नाव निवृत्ती. भोळा म्हणजे किती, तर गिऱ्हाईक म्हणालं, "डोळ्यांसमोर वजन करा," की हा तराजू उचलून त्याच्या नाकाशी धरायचा. पेढे मात्र उत्तम करायचा, म्हणून गाव त्याला सांभाळून घेत होतं.

त्याची बायको कौसल्या. तिला एकच दुःख होतं. निवृत्ती आणि त्याचा धाकटा भाऊ वसंता एकाच घरात राहत. दिवाणखाना एक. त्या दिवाणखान्यात वसंताच्या बायकोने, शकूने, आपला नि नवऱ्याचा काश्मीरचा फोटो लावला होता. मागे बर्फ, पुढे शकू. आल्यागेल्याला चहाच्या आधी तो फोटो बघावा लागे. कौसल्याला त्याच्या शेजारी आपला फोटो लावायचा होता, तोही परदेशातला. म्हणून दोघं टूरबरोबर बँकॉकला गेली. आपली मंडळी परदेश बघायला जातात ते असंच, अर्धं बघायला आणि अर्धं दाखवायला.

शेवटच्या दिवशी बुद्धांची देवळं बघायची होती आणि संध्याकाळी परत निघायचं होतं.

"अहो, मला एकच फोटो पाहिजे," कौसल्या सकाळीच म्हणाली. "दोघांचा, देवळात, माणसासारखा. आज तरी सांगितलेलं ऐका."

"ऐकतो की," निवृत्ती म्हणाला.

तो नेहमीच ऐकायचा. तीच तर अडचण होती.

पहिलं देऊळ झोपलेल्या बुद्धांचं. मूर्ती इतकी लांब की पायांपासून निघालेला माणूस डोक्यापाशी पोचेपर्यंत दमावा. टूरच्या गाइड वर्तकबाईंनी निवृत्तीचा मोबाइल घेतला, दोघांना उभं केलं आणि फोटो काढणार इतक्यात रखवालदार धावत आला. निवृत्तीच्या पायांत चपला होत्या.

"काका, आत शिरताना चपला बाहेर काढून ठेवायच्या," वर्तकबाई म्हणाल्या.

"बरं," निवृत्ती म्हणाला.

पहिला फोटो गेला.

दुसरं देऊळ नदीच्या पलीकडे होतं. होडी आली. निवृत्ती धक्क्यावर थांबला. त्याने चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या, होडीला नमस्कार केला आणि आत शिरला. होडी सुटली. चपला राहिल्या.

"अहो, चपला कुठायत?" कौसल्याने विचारलं.

"बाहेर काढून ठेवल्या. आत शिरताना काढायच्या ना?"

कौसल्याने कपाळाला हात लावला. पलीकडे उतरल्यावर तिने त्याला रबरी सपाता घेऊन दिल्या आणि बजावलं, "आता या जिवापाड जपा. हातांतून सोडू नका!"

"बरं," निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या देवळात सगळे गुडघे टेकून बसले होते. हातांत कमळाच्या कळ्या, डोळे मिटलेले. कौसल्याही बसली. निवृत्ती बसला. वर्तकबाईंनी फोटो काढला आणि मग तो पाहिला. निवृत्तीच्या जोडलेल्या हातांत दोन सपाता होत्या, कपाळाला लावलेल्या.

शेजारच्या म्हाताऱ्या थाई आजींनीही ते पाहिलं. त्यांनी सपाता हळूच काढून घेतल्या, दाराबाहेर ठेवून आल्या आणि आपल्या हातातली कमळाची कळी निवृत्तीला दिली. कौसल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, निदान वर्ख तरी घ्या," वर्तकबाई म्हणाल्या. तिथे लोक मूर्तीला सोन्याचा वर्ख लावतात. त्यांनी निवृत्तीला वर्खाच्या पुड्या दिल्या.

वर्ख! निवृत्तीचा चेहरा खुलला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या धंद्यातली गोष्ट निघाली होती. कौसल्या पदर सारखा करून त्याच्या शेजारी उभी राहिली, वर्तकबाईंनी मोबाइल रोखला, आणि निवृत्तीने वर्ख जिभेवर ठेवला.

"पेढ्याशिवाय मजा नाही," तो म्हणाला.

तिसरा फोटो गेला.

"खायचा नसतो हो, काका! मूर्तीला लावायचा असतो," वर्तकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढायला लागला होता. "आपलं जिथे दुखतं, तिथे लावावा अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे."

"आणि मूर्ती ओळखायची कशी?"

वर्तकबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "हलत नाही, बोलत नाही, चेहरा शांत. ती मूर्ती."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

कौसल्या आता पार थकली होती. "देवळाच्या पायऱ्यांनी माझे गुडघे गेले," ती म्हणाली. "तुमच्यापायी डोकं उठलं. आणि बोलून बोलून तोंड दुखायला लागलं. मी जरा पडते." बाहेर झाडाखाली एक ओटा होता. त्यावर ती आडवी झाली, निवृत्तीच्या हातातली कमळाची कळी घेऊन छातीशी धरली आणि तिचा डोळा लागला.

निवृत्ती बराच वेळ बघत राहिला. हलत नव्हती. बोलत नव्हती. चेहरा शांत होता. इतकी शांत कौसल्या त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली, आणि त्याला तिची फार माया आली. बिचारीला आपण केवढा त्रास देतो!

त्याने एक वर्ख तिच्या गुडघ्यांवर, लुगड्यालाच लावला. एक कपाळाला लावला. एक ओठांवर लावला. हात हलका होता, जन्म पेढ्यांत गेलेला. ती जागी झाली नाही. मग तो गुडघे टेकून, हात जोडून तिच्यापुढे बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्तकबाई लांबून आल्या. त्यांना वर्ख दिसला नाही. त्यांना एवढंच दिसलं की काका पहिल्यांदाच गप्प बसलेत. त्यांनी पटकन फोटो काढला.

"आज पुण्य लागलं मला," निवृत्ती मोबाइल परत घेत म्हणाला.

"मग एकटे ठेवू नका. इथे पुण्य सगळ्यांना वाटतात," वर्तकबाई म्हणाल्या आणि बस बघायला गेल्या.

"बरं," निवृत्ती म्हणाला. त्याने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, भावकीच्या ग्रुपवर टाकला, गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'कौसल्या आता शांत झाली. सगळं नीट पार पडलं.'

मग त्याची बॅटरी संपली. म्हणजे मोबाइलची.

कौसल्या उठली. ओठ पुसले तर हाताला सोनं लागलं. पुढे काय झालं ते सांगत नाही, लहान मुलं ऐकतायत. शेवटी ती एवढंच म्हणाली, "फोटो राहिला माझा. राहू दे. आता घरी पोचेपर्यंत स्वतःचं डोकं चालवू नका. चारचौघं करतील तसं करा."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

आणि त्याने खरंच तसं केलं. लोक रांगेत उभे राहिले, तोही राहिला. लोकांनी पट्टा बांधला, त्यानेही बांधला. लोक झोपले, तोही झोपला. कौसल्याला वाटलं, माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशी गाडी घरापाशी थांबली. कौसल्या बॅगा उतरवून घेत मागे राहिली. निवृत्ती आत गेला.

दिवाणखाना माणसांनी भरला होता. भिंतीवर, काश्मीरच्या शेजारी, कौसल्याचा फोटो होता. काश्मीरच्या दुप्पट मोठा. मिटलेले डोळे, छातीशी कमळ, ओठांवर सोनं. फोटोला हार होता, खाली समई होती. निवृत्तीला स्टुडिओवाल्याने कापून टाकलं होतं, कारण हयात माणसाला हार घालणार कसा?

सगळे रडत होते. शकू सगळ्यांत मोठ्याने रडत होती. "ताई, तुम्हाला फोटोवरून फार हिणवलं हो मी!"

निवृत्तीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चारचौघं रडत होती. तो मध्ये बसला आणि त्याने हंबरडा फोडला.

वसंताने त्याला मिठी मारली. "दादा, कसं झालं रे हे?"

"आधी गुडघे," निवृत्ती हुंदके देत म्हणाला. "मग डोकं. मग तोंड."

"फार त्रास झाला का रे वहिनीला?"

"वर्ख लावेपर्यंत झाला. मग गप्प झाली."

घरात नवा कल्लोळ उठला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "अहो, ही बॅग तरी घ्या!"

शकू किंचाळून वसंताच्या मागे लपली. बाकीचे भिंतीला चिकटले. कौसल्याने बॅग खाली ठेवली. माणसं पाहिली, समई पाहिली, फोटो पाहिला. फोटो ती बराच वेळ पाहत होती.

"हार तेवढा काढा," ती म्हणाली. "फोटो राहू दे. छान आलाय."

मग ती नवऱ्याकडे वळली. तो अजून धाय मोकलून रडत होता.

"आणि तुम्ही कशाला रडताय?"

"सगळे रडतायत, मी एकटा गप्प कसा बसू?" निवृत्ती म्हणाला. त्याने डोळे पुसले, वसंताच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "पण वसंता, गेलं कोण रे?"