धाकूने मोठी बोट घेतली

एका खाडीकाठच्या गावात धाकू नावाचा एक भोळा होडीवाला होता, आणि त्याच्या बायकोची झोप उडाली होती.

धाकू स्वतः गाढ झोपायचा. घरात काळजी करायचं काम एकटी तनुजा करायची. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, त्यामुळे काळजीसुद्धा मुद्देसूद करायची. धाकूने लहान होडी चुलतभावाला देऊन टाकली होती आणि मोठी बोट आणली होती. वर छप्पर, आत झोपायला फळ्या, चहाला शेगडी. पाच वर्षांच्या लेकीला, दुर्वाला घेऊन तिघांनी बंदराबंदरात मुक्काम करत हिंडायचं, असा बेत होता. पण समुद्रात एकट्याने हिंडता येत नाही. इंजिन बंद पडलं तर ओढून आणायला कोणीतरी लागतं. गावातल्या दहा बोटवाल्यांचा एक गट होता. गटात असलं की एका हाकेला दहा बोटी यायच्या. नसलं की कोणी नाही.

गटाचे म्हातारे तांडेल भिकूमामा म्हणाले, "धाकू, माणूस तू सोन्यासारखा. पण दिवाळीनंतर आम्ही सगळे मिळून कातळीच्या जत्रेला जातो. तिथवर नीट आलास, तर गटात. नाहीतर तू तुझा, आम्ही आमचे."

दिवाळीला वीस दिवस होते. तनुजाला ते फार वाटले.

पहिल्या दिवशी धाकू फिरून आला, धक्क्यावर उडी मारून उतरला आणि घरी येऊन जेवला. लहान होडी तो वाळूवर ओढून ठेवायचा. मोठी ओढवेना, म्हणून तशीच सोडली. ओहोटीबरोबर ती पलीकडच्या गावाला गेली. तिथल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी आणून दिली.

"मेल्या, मोठ्या बोटीला नांगर असतो!" भिकूमामा ओरडले. "आधी नांगर टाकायचा, मग बाकीचं!"

"आधी नांगर, मग बाकीचं," धाकू म्हणाला. तनुजाने ते खडूने केबिनच्या भिंतीवर लिहून ठेवलं.

सकाळी धाकूने आधी नांगर टाकला. मग बाकीचं केलं. म्हणजे इंजिन सुरू केलं, सुकाणू धरलं आणि दोन तास बोट चालवली.

"बघ तनुजा, मोठ्या बोटीची गोष्टच वेगळी. जरा हलत नाही."

"बाबा, मघापासून तोच माड आहे," दुर्वा म्हणाली.

"माड सगळे सारखेच दिसतात, बाय."

इंजिनातून वाफ यायला लागली तेव्हा भिकूमामा पोहत आले. "अरे, निघताना पाण्यातलं वर घ्यायचं असतं!"

तनुजाने भिंतीवर लिहिलं, 'निघताना पाण्यातलं वर घ्यायचं.' 'नांगर' हा शब्द घालावा का, असं तिच्या मनात आलं होतं. पण इतकं कोण फोड करून सांगतं, असं म्हणून तिने खडू ठेवला. या खडू ठेवण्याचा तिला पुढे फार त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी निघताना धाकूने पाण्यातलं वर घेतलं. आधी आपला नांगर. मग गटातल्या काशिनाथने खेकड्यांसाठी सोडलेला पिंजरा. मग शेजारच्याचं अख्खं जाळं. मग घामाघूम होऊन, खडकाची खूण म्हणून साखळीला बांधलेलं लाल पिंप.

"फार पसारा होता गं पाण्यात," तो म्हणाला.

संध्याकाळी भिकूमामांची बोट त्या खडकावर घासली.

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारावं रे!" भिकूमामांचा आवाज बसला होता. "वायरलेस कशाला दिलाय? एकमेकांशी बोलत राहायचं. काही करायच्या आधी विचारायचं!"

धाकूला हे मनापासून पटलं.

"धाकू बोलतोय. नांगर माझाच आहे. वर घेऊ का?"

"घे."

"धाकू बोलतोय. घेतला. आता डावीकडे वळू का?"

"वळ."

"धाकू बोलतोय. दुर्वाला शिंक आली. थांबू का?"

असं दिवसभर चाललं. दुपारी काशिनाथचं इंजिन बंद पडलं. तो वायरलेसवर जीव तोडून हाका मारत होता. पण त्या वेळी धाकू चहात आलं घालू की गवती चहा, हे विचारत होता, आणि दोन बोटवाल्यांचं त्यावर एकमत होत नव्हतं. काशिनाथ चार तास वाहत राहिला.

"यापुढे विचारलं तरच बोल!" भिकूमामा कुजबुजले. ओरडायला आवाज उरला नव्हता. "आणि बोललास तर फक्त हो नाहीतर नाही!"

जत्रेला दोन दिवस राहिले. तनुजाने खूप विचार केला. चुका धाकूच्या नाहीत, वाक्यांच्या आहेत, असं तिला वाटायला लागलं. एकच सोपं वाक्य हवं, ज्यात फाटा फुटायला जागाच नाही. ते तिला सापडलं. ती स्वतः भिकूमामांकडे गेली.

"मामा, सगळ्यांनी एका रांगेत जायचं. तुम्ही पुढे, मागे लगेच आम्ही. आणि प्रत्येकाने एवढंच करायचं, समोरच्या बोटीवरून नजर काढायची नाही. ती जाईल तिकडे जायचं. डोकं चालवायचंच नाही."

भिकूमामांना ते इतकं आवडलं की त्यांनी सगळ्या गटाला तोच नियम लावला. तनुजा त्या दिवशी प्रथमच दोन घास जास्त जेवली.

जत्रेच्या सकाळी उधाणाची भरती होती. अकरा बोटी निघाल्या. धाकूची नजर भिकूमामांच्या बोटीवर. मागच्या बोटवाल्याला धाकूच्या बोटीचं उंच छप्पर सोडून काहीच दिसत नव्हतं. त्याच्या मागच्याला तो दिसत होता.

अर्ध्या वाटेत एक म्हातारा मच्छीमार आपली होडी घेऊन आडवा आला आणि भिकूमामा व धाकू यांच्या मधून घराकडे वळला. आता समोरची बोट ती होती. धाकूही वळला.

"अहो, मामा तिकडे गेले!"

"समोर कोण आहे? तूच सांगितलंस ना, डोकं चालवायचं नाही."

तनुजाने दुर्वाला जवळ ओढलं आणि कठडा धरला. वाक्य तिचंच होतं.

वायरलेसवर भिकूमामा म्हणाले, "धाकू, समोर बोट दिसतेय ना?"

"हो."

"मागे सगळे आहेत?"

धाकूने वळून पाहिलं. "हो."

"शाबास! तसाच ये."

म्हातारा किनाऱ्याला लागला. त्याच्या मुलांनी होडीला दोर बांधून ट्रॅक्टरने ती वर ओढली. धाकूने इंजिनाचा जोर वाढवला. बोट लाट घेऊन वाळूवर चढली, केवड्याच्या बनातून आरपार गेली आणि म्हाताऱ्याच्या अंगणात, वाळत घातलेल्या सुकटीवर थांबली. तिच्यामागे दुसरी चढली. मग तिसरी. एकेक करत नऊच्या नऊ. सगळ्यात मागे काशिनाथ होता. त्याला जमीन दिसली होती. पण सगळेच चाललेत म्हटल्यावर आपण एकट्याने कशाला शहाणं व्हायचं, म्हणून तोही आला.

पाणी ओसरलं. पुढचं उधाण पंधरा दिवसांनी होतं.

"धाकू, मी कातळीला पोचलो," वायरलेस म्हणाला. "तुम्ही आलात का?"

"नाही."

"मग आहात कुठे?"

धाकूने बराच विचार केला. "हो," तो म्हणाला.

शेवटी भिकूमामा रिक्षा करून शोधत आले. अंगणापासून किनाऱ्यापर्यंत दहा बोटी रांगेत उभ्या होत्या, कुठेही रांग न मोडता. जो चुकला त्याला गटात जागा नाही, असं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मग सगळ्यांकडे एकदा पाहिलं. तसं केलं तर गटात ते एकटेच उरत होते.

"धाकूला घेतला," ते म्हणाले आणि सुकटीशेजारी बसले.

तनुजाला हसावं की रडावं कळेना. पण आधी लेकीला समजावायला हवं होतं. चूक सगळ्यांच्याच हातून होते, म्हणून कोणी वाईट ठरत नाही, असं एक बिनचूक वाक्य तिने मनात जुळवलं. दुर्वा बोटीच्या टपावर चढून रांगेकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "बाबांच्या मागून कित्ती जण आले!"