पंतोजींना घर, पण एका अटीवर

बोरघडीच्या सुभानराजांनी दवंडी पिटवली. ज्या पंतोजीला स्वतःचं घर विकत घ्यायचंय, त्याला खजिन्यातून कर्ज मिळेल! व्याज नाही, फेड सवडीनं, आणि दहा वर्षं शाळा चालवली तर अर्धं माफ! लोक म्हणाले, वा, राजा असावा तर असा! शेवटचं वाक्य मात्र दवंडीवाल्यानं जरा हळूच म्हटलं. घर शाळेच्या जवळ नसावं, आणि शाळेपासून लांबही नसावं.

तीन वर्षं झाली. कर्ज मिळालेला पंतोजी औषधालासुद्धा सापडेना!

राजांचंही एक दुखणं होतं. त्यांचे लहानपणीचे पंतोजी पोरांना पाढे म्हणायला बसवायचे आणि शेजारी घरी जाऊन ताणून द्यायचे. ते राजांच्या मनातून काही जाईना. कुणी शाळेलगतचं घर दाखवलं, की राजे म्हणत, "म्हणजे दुपारी घरी घोरणार!" कुणी ओढ्यापलीकडचं दाखवलं, की म्हणत, "म्हणजे शाळा सुटायच्या वेळी उगवणार!" प्रधानजींनी एकदा समजावून पाहिलं. तेव्हापासून प्रधानजी गप्प असत.

विसोबा पंतोजींनी तर सहा घरं दाखवली आणि सहा वेळा हात हलवत परत आले. त्यांची बायको म्हाळसाबाई. चौदा वर्षांत तिनं अकरा बिऱ्हाडं केली होती. अकरा वेळा चूल घातली, दहा वेळा मोडली! आता अकरावी मोडायची वेळ आली होती. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत खोली रिकामी हवी.

"आपण आपले गावी दादाकडे जाऊ," विसोबा म्हणाले. "शाळा बंद करतो झालं."

म्हाळसाबाईला रडू आलं. मग तिला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं फार छान चालायचं.

"अहो, तुमची शाळा भरते कुठं?"

"कुठं म्हणजे? भिकाशेटच्या घरात, खालच्या पडवीत!"

"आणि वरची माडी?"

"उंदीर नांदतात तिथं. शेट विकायला काढून बसलेत, कुणी घेत नाही... अगं, निघालीस कुठं?"

ती दरबारात पोचलीसुद्धा!

"महाराज, घर मिळालं. शाळेच्या जवळ नाही, लांबही नाही."

"मग आहे कुठं?"

"वर!"

दरबारात खसखस पिकली. राजांनी मिशीवर हात फिरवला.

"बाई, आम्हाला शेंड्या लावता? ही तर आणखीच सोय झाली! जिना चढला की झोप!"

"महाराज, त्या माडीवर कुणाला झोप लागली, तर आम्ही घर मागणार नाही. गाव सोडून जाऊ."

"कुणी झोपून पाहायचं?"

"आपणच पाहावं. दुसऱ्या कुणाच्या झोपेवर आपला भरवसा बसायचा नाही."

राजे हट्टी खरे, पण पैजेला मागे हटणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं जेवण करून, वर ताकाचा तांब्या रिचवून ते माडीवर आले. म्हाळसाबाईनं झाडूनपुसून गादी घातली होती, वाळ्याचं पाणी शिंपडलं होतं. पंखासुद्धा हातात दिला. राजे मनात म्हणाले, ही बाई हरायलाच बसलीय की काय!

ते आडवे झाले. डोळे मिटतात तोच खालून तीस पोरांनी एकदम सूर लावला.

"बे एके बे! बे दुणे चार!"

राजांनी कूस बदलली. उशी कानावर घेतली. पण हट्टी माणूस तो. बाराचा पाढा संपेतो त्यांनी झोपेला दामटून डोळ्यांवर आणलंच. राजे घोरायला लागले. आता सगळं संपलं, बांधा गाठोडी!

खाली तेराचा पाढा सुरू झाला.

"तेरा पाचा पासष्ट! तेरा सक अठ्ठ्याहत्तर! तेरा साती ब्याण्णव!"

"एक्क्याण्णव!" राजे गादीवर ताडकन उठून बसले. "अरे गाढवांनो, एक्क्याण्णव!"

खाली चिडीचूप. वर राजे डोळे चोळत होते, आणि म्हाळसाबाई पदराआड हसू दाबत होती.

"बघा महाराज! आपण तर पंतोजीही नाही. तरी भरल्या पोटी, भर झोपेत, आपल्याला एकाची चूक खपली नाही. मग ज्याचा जन्म पाढे घेण्यात गेला, त्याला इथं झोप लागेल होय? आणि दांडी मारून पोरं गप्प बसवली, तर वर मी आहे. आवाज थांबला की लाटणं घेऊन खाली! आपल्या खजिन्याला पहारेकऱ्याचा पगार पडतो, शाळेला तोही पडायचा नाही."

राजांनी डोळे बारीक केले.

"बाई, खरं सांगा. सगळा पाढा बरोबर आणि नेमकं तेरा साती कसं चुकलं? पोरांना शिकवलं कुणी?"

"बसले होते पंतोजीच, महाराज! पण फार जड गेलं हो त्यांना. तीनदा शिकवायला बसले आणि तीनदा त्यांच्या तोंडून एक्क्याण्णवच निघालं. शेवटी मीच शिकवलं!"

राजे असे हसले, असे हसले, की माडीच्या फळ्या करकरल्या आणि खालच्या पोरांवर माती पडली. हसता हसताच त्यांनी खजिनदाराला बोलावलं. माडीचं कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं, आणि अर्ध्या माफीसाठी दहा वर्षं थांबायची गरज नाही, असंही सांगितलं. जुनी अट दवंडीतून कायमची निघाली. म्हाळसाबाईला पैठणी मिळाली, आणि बाराव्या चुलीसाठी राजवाड्यातला गवंडी आला. त्याला राजांनी बजावून पाठवलं होतं, "नीट पक्की घाल रे. ही आता मोडायची नाही!"